रिकामी गाडी

सात वाजून दहा. पेपरात पाषाण नऊ पूर्णांक चार.
मी मफलर बांधून, अक्का उलटा स्वेटर घालून
(सांगितलं की रुसते, म्हणून सांगत नाही),
मागच्या ओट्यावर दोन खुर्च्या.
कर्वेनगर अजून गाड्यांना किका मारतंय,
कालव्याच्या अंगाला कुणीतरी पाला पेटवलाय.

ताटलीत बाजरी, तांदळाची कणी.
अर्धी पपई पेरूच्या फांदीला, खिळ्यावर.
कुंडीखालच्या बशीत पाणी, रात्रभर इतकं गारठलेलं
की पहिली साळुंकी चोच घालते
आणि आमच्याकडे बघते, तक्रार असल्यासारखी.

वही आखून दिली कृत्तिकाने,
वरच्या खोलीत भाड्याने राहते, परभणीची, झूलॉजीला आहे.
नियमही तिचाच: पंधरा मिनिटं बसायचं,
आणि बेरीज करायची नाही, काका.
एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच लिहायचे.
तोच बुलबुल दहादा येतो.
म्हणून काही दहा बुलबुल होत नाहीत.

मला हे जड गेलं.
एकतीस वर्षं शेवाळवाडीच्या जकात नाक्यावर
मी बेरीजच केली. कांद्याचे ट्रक, फरशीचे,
एकदा सर्कशीचा उंट, त्याला कुठला दर लावायचा
यावरून साहेबांशी वाद.
तोच ट्रक दहादा आला तर दहा पावत्या.

अक्का मोजत नाही, हजेरी घेते.
नाना पेठेत तिसरीचा वर्ग होता तिच्याकडे.
बुलबुल? हजर.
शिंपी? हजर, पण दिसत नाही कुठे, नुसता ओरडतोय.
दयाळ?
दयाळ आज आलेला नाही.
"पालकांना चिठ्ठी पाठव," ती मला म्हणते.
पारव्यांना ती वर्गात घेत नाही.
ते वीस-बावीस जण पत्र्यावर,
निमकरवहिनींच्या वाळवणावर डोळा ठेवून.

मग विचारते: वसंता जेवला का?
वसंता आमचा मधला. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली.
जेवला, मी म्हणतो.
साळुंक्या चार. चष्मेवाले पाच, थांबा, हलू नका रे, सहा.
वसंता जेवला का?
जेवला.
तांबट दिसला नाही, ठोके ऐकू आले.
ऐकलेला धरायचा का, कृत्तिकाला विचारलं पाहिजे.
वसंता?
पंधरा मिनिटांत सात वेळा.
वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने,
मी लिहून ठेवतो: एक.

सत्तावीस डिसेंबरला एक नवा आला.
चिमणीएवढा, पाठ काळपट, पोट विटकरी,
पाण्याच्या पाइपवर बसून सारखी शेपटी थरथरवत.
थिरथिरा! कृत्तिका वरून, तोंडात ब्रश तसाच.
पार हिमालयाकडून येतो, काका.
बाजरीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. पपईकडेही नाही.
खाली उतरला, एक किडा उचलला, परत पाइपवर.
मी ताटली वीतभर पुढे सरकवली.
उडाला. दोन मिनिटांनी आला.
ताटलीचं त्याला काही पडलेलंच नाही.

रात्रपाळीला कधीतरी यायची अशी गाडी,
लांबच्या नंबराची, चिखलाने मढलेली.
ताडपत्री वर करून बॅटरी मारावी, तर आत काही नाही.
एक रिकामं पोतं, ड्रायव्हरच्या पोराची चप्पल.
तिला पावती नसते.
बांबू वर करायचा, हात दाखवायचा.
ती गेल्यावर का कोण जाणे
मी बराच वेळ रस्त्याकडे बघत बसायचो.

अक्काने पदराने चष्मा पुसला. उभी राहिली,
आधी खुर्चीला धरून, मग न धरता.
"नाव काय तुझं? दाखला आणलायस का?"
शेपटी थरथरली.
मी लिहिलं: थिरथिरा, एक.
खाली वेळ टाकली, सात तेवीस.
ती अजून उभीच.
"राहू दे दाखला," म्हणाली,
"पुढच्या बाकावर बस, बाळ. थंडी वाजतेय तुला."