चौथा हौद

सोयापेंड पंचेचाळीस, गव्हाचं ग्लुटेन बारा,
सुकटीचा कूट...
इथे हात थांबतो.
गेल्या साली चाळीस लिहीत होते, यंदा वीस,
आणि विसातल्या शून्याच्या पोटात
बसते पेन फिरवत.

कियाशहरच्या या शेडमध्ये पहाटे
समुद्राचा वास येत नाही, बेकरीचा येतो.
पोतं उचलता उचलता हेदायत विचारतो,
"खानम, हत्तीमाशाला शाकाहारी करायचंय,
त्याला विचारलंत का?"

तेच तर विचारते रोज.
पहिल्या तीन हौदांत निमूट जेवतात सगळे.
चौथ्यात येतात तळाशी,
चार मिशा गोळीवरून फिरवतात
मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारख्या,
तोंडाची नळी पुढे काढून ओढून घेतात
आणि थुंकतात.
परत ओढतात. परत थुंकतात.
मी स्टॉपवॉच धरून उभी.
थुंकण्याचाही एक रकाना असतो माझ्या वहीत.

बाबा किल्के धरायचा.
काळोख्या रात्री पाण्यात दिवा सोडायचा,
खाली शंकूसारखं जाळं,
आणि उजेडाला भुलून चांदीच चढून यायची वर.
मग जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून
कुठूनशी आली एक जेली,
काचेसारखी, हाड ना डोळा,
नुसती भूक.
तिनं किल्क्यांचं जेवण खाल्लं.
होड्या किनाऱ्यावर पालथ्या झाल्या त्या झाल्याच.

पाच किलो किल्के वाळवले, दळले
की एक किलो कूट.
हे गणित मी विद्यापीठात शिकले,
बाबा पाठीनं शिकला.

काल खिशातून दोन गोळ्या घरी नेल्या.
बाबानं एक तोंडात टाकली,
मी नको म्हणेपर्यंत चावलीही.
"यात किल्का नाही."
"आहे बाबा. शंभरात वीस."
"मग मला का लागत नाही?"
जीभ म्हातारी झाली तुझी, असं म्हणणार होते.
म्हटलं नाही.
तो नारिंगीच्या बुंध्याशी थुंकला,
बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात धरून राहिला,
मग म्हणाला,
"डोकी फेकता ना तुम्ही बाजारातली?
उकळा. तो रस्सा पाजा तुमच्या पेंडीला.
उपाशी माणूस आधी नाकानं जेवतो."

आज पाजला.
थुंकणं निम्म्यावर आलं.
हेदायतनं टाळी दिली, मीही दिली,
आणि मग दोघंही गप्प झालो,
कारण हा दिवाच की,
पुन्हा पाण्यात सोडलेला.

फक्त एक, शेपटीशी चारशे सतराचा बिल्ला,
भिंतीला नाक लावून आहे तसाच.
तिला अंडी धरायला अजून बारा वर्षं,
तेव्हा मी त्रेपन्नची.
त्या अंड्यांचा निळ्या झाकणाचा डबा
माझ्या घरात कधी आला नाही,
येणारही नाही.

हेदायत चहाला गेल्यावर
डब्यातला एक अख्खा किल्का,
बाबानं दुपारच्या भाताबरोबर दिलेला,
तिच्यासमोर सोडला.
मिशा हलल्याही नाहीत. मासा नव्हता.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
चारशे सतरा, नियमबाह्य आहार, एक नग.
सही केली.
मग आठवलं, वजन लिहायचं राहिलं.