डावरीचा कळफलक

बंदररोडला बस्त्यावच्या दुकानात
दोन पाळ्या, एक संगणक.
तीनपर्यंत मी, तीननंतर प्रल्हाद तांडेल.
आंब्याची लेबलं, जत्रेचे बॅनर, होड्यांचे नंबर,
आणि दर वर्षी एकदा 'बर्फ मिळेल',
त्याच गिऱ्हाइकाचं, कारण त्याला बर्फ लालच हवा
आणि वेंगुर्ल्याचं वारं लाल रंग आधी खातं.
मग वर्षभर नुसतं 'मिळेल' उरतं.

मी डावरी. माऊस माझ्या डाव्या हातात,
आणि कोरल बनवणाऱ्यांनी रोजच्या सगळ्या कळा
डावीकडेच वसवलेल्या,
झेड, एक्स, सी, व्ही, एकाच आळीतली घरं.
उजवा हात दर वेळी छातीवरून पलीकडे जायचा,
दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला गेल्यासारखा.
सहा महिन्यांत मनगटात कळ आली.
ती कुठल्याच फलकावर नव्हती.

एका शनिवारी बांगडा भरपूर लागला,
सगळं गाव बंदरावर, दुकानात मी एकटी.
टूल्समध्ये शिरले, मग ऑप्शन्समध्ये, मग आणखी आत.
तिथे एक रिकामी चौकट: नवी कळ दाबा.

असं मला कुणी विचारलं नव्हतं.
विचारायचे ते वेगळं,
प्रसाद कुठल्या हातात घेतलास गो?
बाबांच्या जाळ्याला मी घातलेल्या गाठी
उलट्या पडायच्या.
बाबा त्या अंधारात बोटांनी ओळखायचे,
'ही तुझी' म्हणायचे,
सोडवून परत घालायचे.
रागावले नाहीत कधी. परत घालायचे.

ग्रुप दिलं जेला. अनग्रुप केला.
अक्षरांच्या रेषा करणं एलला,
म्हणजे कुडाळच्या छापखान्यात फॉन्ट नसला
तरी 'श्री'ची शेपटी तुटणार नाही.
जतन करणं नंबरपॅडच्या शून्याला,
रुंद कळ, काळोखातही सापडणारी,
कारण लाईट गेली की यूपीएस
तीन मिनिटं ओरडतो आणि मरतो.
पीला आरसा,
रिक्षांच्या काचेला आतून लावायच्या नावांसाठी.

यंत्र म्हणालं, ही कळ आधीच दिलेली आहे:
पानाच्या मध्यावर आणणे. तरीही द्यायची?
मी हो म्हटलं.
ती कुणाच्या हातातली, हे मनातही आलं नाही.

तीन वाजता प्रल्हाद आला.
दहा वर्षं तो काम संपलं की पी दाबतो,
झोपण्याआधी दाराला कडी लावावी तसा.
लेबल आधीच मध्यावर होतं.
आंबा दोन्ही बाजूंनी आंबाच.
बाहेर टेम्पो हॉर्न देत होता, तो बघत बसला नाही.

पाचशे लेबलं. गोल, पिवळी, ताटाएवढी,
आणि हापूस उलट्या अंगाने.

बस्त्यावने एक उजेडात धरलं.
'ह्यां वाचूचा तर गिऱ्हाइकान पेटयेत शिराक होया.'
पैसे दोघांच्या पगारातून गेले.
प्रल्हाद दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानेच शोधून काढलं
की कळांचे संच वेगळे ठेवता येतात, नाव देऊन.
स्वतःचं नाव टाकलं
आणि माझ्यासाठी चौकट उघडी ठेवून चहाला गेला.
कर्सर लुकलुकत होता.
मी लिहिलं: डावरी.
शाळेत या हाकेला मी वळून बघायचे नाही.

परवा चुकून त्याचा संच उघडा राहिलेला.
बघते तर शून्यावर जतन.
त्याने सांगितलं नाही. मीही विषय काढला नाही.

वाया गेलेल्यांतलं एक लेबल
दुकानाच्या काचेला बाहेरून चिकटवलंय.
रस्त्यावरून ते कुणाला वाचता येत नाही.
फक्त समोरच्या सलूनमध्ये
दाढीला बसलेला माणूस, तोंडभर फेस,
आरशात बघतो
आणि त्याला सरळ दिसतं, हापूस.