आवक-जावक

दाभोळच्या धक्क्यावरची कस्टमची वखार
बावीस वर्षं कुलूपबंद होती.
आत वटवाघळं, गंजलेला काटा,
आणि तपकिरी पुठ्ठ्याच्या वह्या:
आवक. जावक.
आता तिथे देशाचं संग्रहालय होणार म्हणे,
बाहेरून आलेल्या माणसांचं.
मी निवृत्त कारकून. अक्षर बरं,
म्हणून बोलावलं, रकाने आखायला.

ग्रामसभेत तुळाजी भुवड उठला:
"भायेरचे कोण हितं? आमी तर मूळचे."
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने.
परतताना वाटेत तो सहज म्हणाला,
पुढल्या महिन्यात कुळदेवीला जायचंय,
घाट चढून पार पलीकडं.
"वाडवडील हिकडं उतरले, ती तितंच ऱ्हायली."
मी काही बोललो नाही.
मनातल्या वहीत अनुक्रमांक एक घातला.

वस्तू, कुठून, कधी, कोणी आणली, शेरा.
"कुठून" सगळ्यात अरुंद आखला गेला.
चूक माझी.

रिबका दिघोडकर अलिबागकडून एसटीने आल्या,
मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं लाकूड,
पणजोबांच्या तेलघाण्याचं,
जो शनिवारी कधी फिरला नाही.
मी लिहिलं: वस्तू – लाट.
त्या वहीत डोकावल्या, हसल्या.
"कुठली हो? जिने किनाऱ्यावर फेकलं ती,
का जिने पोट भरलं ती?"
शेऱ्याच्या रकान्यात मी दोन्ही लिहिलं.
तेल अजून बोटांना लागत होतं.

हमिदा चोगलेंनी कॅसेट आणली.
कुवेतहून नवरा पत्र लिहीत नसे, बोलून पाठवी:
पंख्याची घरघर, खोकला, मग
"छपराची कौलं परतलीस काय?"
माणूस जावक, आवाज आवक.
मी पेन धरून बसलो.
मुंबईचे साहेब म्हणाले, बाई,
आपल्याकडे फक्त आलेल्यांची नोंद.
हमिदाबींनी कॅसेट पदराखाली घेतली, उठल्या नाहीत.
"तिकडं पन असंच कोनतरी वही घेऊन बसलं असंल.
त्यानं ह्यांना भायेर ठेवला तर?"
साहेबांनी चष्मा पुसला.
क्रमांक एकोणतीस.

वखारीच्या वळचणीला लोकेंद्र चौधरी
जाळं शिवत बसे. कैलाली, नेपाळ.
ट्रॉलरवर खलाशी, सहावा हंगाम.
ओळखपत्र बोटमालकाच्या कपाटात.
समुद्र एकोणिसाव्या वर्षी पाहिला,
घरात तोवर हा शब्द कधी लागलाच नव्हता.
अजून आई फोनवर विचारते,
पलीकडचा काठ दिसतो का?
आमावस, भांग, उधाण
तो आमच्या पोरांपेक्षा नेमकं म्हणतो.
मी विचारलं, तू काय देशील?
त्याने सुई दातांत धरली,
अंगावरचा रेनकोट पाहिला, डबा पाहिला,
मोबाईल पाहिला.
"वस्तू? सगळं अजून वापरात आहे, काका."

वही पुढे केली. म्हटलं, नाव तरी लिही.
त्याने लिहिलं. गाव लिहिलं, जिल्हा लिहिला,
"कुठून" पुरला नाही, तो समासात गेला.
मला एकही अक्षर विचारावं लागलं नाही.
तीच वेलांटी, तोच रफार.
तीस वर्षं या टेबलाशी बसून
मला वाटायचं अक्षर माझं आहे.

शेवटची चिठ्ठी उरली होती, त्रेचाळीस,
पुठ्ठ्याची, भोकात दोरा ओवलेली.
ती त्याने डब्याच्या कडीला बांधली
आणि रात्री भरतीबरोबर गेला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब
काचेच्या पेट्या मोजत फिरले.
एकेचाळीस, बेचाळीस. एक रिकामी.
त्रेचाळीस कुठाय?
समुद्रात आहे, साहेब.
येईल.