प्रोसिडिंगात न्हाई

निवडनूक वऱ्हांड्यात झाली, हात वर करून.
सुग्रीव तौराला एकवीस.
गोकर्णा खिल्लारेला एकवीस,
आन बाविसावा हात वर व्हता व्हता
सोपानच्या बायकोनं नवऱ्याकडं बघितलं
आन पदर सारखा केला.
बाया म्हनल्या, हात व्हता.
पांचाळ सर म्हनले, पदर व्हता.

मंग चिठ्ठ्या. डबा माझाच, जिऱ्याचा.
पहिलीतल्या पोरीनं डोळे मिटून एक काढली,
आधी तिचा वास घेतला,
मंग सरांकडं दिली.

तौराची मानसं पेढा न घेताच उठली.
सरांनी खुर्ची पुसली. गोकर्णा बसली न्हाई.
म्हनली, तांदूळ कुठं ठेवता?

म्हंजी पहिला वार माझ्यावरच.
वहीत लेकरं एकशे चौदा.
तिनं ताटं मोजली, त्र्याऐंशी.
किराणाच्या दुकानातून तानकाटा मागून आनला
आन माझ्यासमोर पोतं टांगलं.
आठ वर्सं मी त्या पोत्याशी सोयरीक ठेवली व्हती.
मूठ माझी, ओंजळ कुनाची, पायली कुनाची,
गावाला ठावूक व्हतं.
कुनी मोजत नव्हतं, येवढंच.

रातच्याला ती घरी आली.
मला वाटलं, कामावरून काढाया आली.
म्हनली, कौसाबाई, तुझी मूठ मी लिहीत न्हाई,
पायलीचं नाव सांग.
मी सांगितलं न्हाई.
तीन दिसांनी सांगितलं.

पायली थांबली.
त्याच म्हैन्यात तिच्या नवऱ्याचं ट्रॅक्टरवरचं काम गेलं,
न्हानीचा पाईप कुनीतरी दगडानं फोडला.
प्रोसिडिंगात लिहिलंय,
"विषय क्रमांक दोन, पोषण आहार, समाधानकारक."
खाली तिची सही, लंगडी,
क वरचा रफार शेजारच्या ण वर पडलेला.

पोरींच्या संडासाची किल्ली सरांच्या कपाटात असायची.
तिनं ती भाईर काढली,
खिळा ठोकला, पाचवीतल्या पोरीचा हात पुरंल इतका खाली.
तवापासून मोठ्या पोरी दुपारून घरी पळंनात.
हे कुठं लिहिलं न्हाई. खिळ्याला ठराव लागत न्हाई.

कंपाउंडचं मात्र जमलं न्हाई तिला.
सेलूला किती चकरा, अर्जावर अर्ज;
डुकरं अजून प्रार्थनेला येतात.
आन मुंडलिक बाईंचं चुकलंच तिचं.
दोन दिस बाई वर्गात न्हाईत म्हनून तक्रार केली,
बाई तर ताप आलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात बसल्या व्हत्या.
माफी मागाया गेली
तवर बाईंची बदली निघाली व्हती.
टेम्पोत सामान चढत व्हतं.
तिनं नुसतं कपाटाचं एक टोक धरलं.

दुसऱ्या खेपेला हात मोजलेच न्हाईत.
तौरानंबी वर केला, खांद्याइतका.

मंग तेजल सातवी पास झाली.
आमची शाळा सातवीपस्तोर.
आन नियम सरळ हाय,
ज्याचं लेकरू शाळेत, तोच समितीत.
सोपानची बायको म्हनली,
ठेव की पोरीला येक वर्स मागं.
गोकर्णानं तिच्याकडं बघितलं,
काट्याकडं बघायची तसं.

दाखला घ्यायला आली तवा
सरांनी खुर्ची पुसली.
ती उभ्यानंच सही करून गेली.
रफार आता जागच्या जागी व्हता.

नव्या अध्यक्षाला तांदळाचं काई पडलेलं न्हाई.
तानकाटा दुकानात परत द्यायचा ऱ्हायलाय.
सकाळी मी येकलीच पोतं टांगते,
काटा हलतो, थांबतो,
मंग चूल पेटवते.

मूठ भरते. परत पोत्यात सोडते.
एखाद्या दिशी न्हाई सोडत.
सर, हेबी लिहून घ्या.