खूणगाठ

दोन माणसांएवढा वारा घेऊन ते दुकानात शिरले.
दार लावायला मलाच उठावं लागलं.
एलेओदोरो बार्रिया. पूर्वी जहाजावर आचारी,
हल्ली फक्त स्वतःपुरते.
काखेत लॅपटॉप, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला.

"भाचीने साफ केला," म्हणाले,
घरफोडी झाल्यावर शेजारी म्हणतात तशा आवाजात.

काय गेलं?
"खुणा."
आणि हवेत बोट नेऊन दाखवलं:
इथे, वर, तारा टिचकवला की राहायच्या त्या.
किती होत्या?
"लवंगा काय मोजून ठेवतं का कोणी?"

पुन्ता अरेनासला नोव्हेंबरात रात्री दहापर्यंत उजेड असतो.
घाई नव्हती.
मी आत गेलो, फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरात,
जिथे ब्राउझर कुणाला न सांगता
प्रती काढून ठेवतो, तारखेच्या नावाने.
कालची उघडली: रिकामी.
परवाची: रिकामी.
काही नसल्याचीही तो इमानाने प्रत काढतो.
तेराची, बाराची, दहाची, तसंच.
सहा नोव्हेंबर: दोनशे चौदा.

पडद्यावर सूचना आली,
आत्ताच्या खुणा जातील, त्या जागी जुन्या येतील.
त्यांनी माझं मनगट धरलं.
आठवडाभरात दोन नव्या ठेवल्या होत्या,
कुत्र्याच्या कानाचं औषध
आणि सहाला उघडणारी बेकरी.
त्या मी बिलाच्या पाठीवर लिहून घेतल्या.
मग हो म्हणालो.

यादी आली ती संपेचना.
एकाही पानाचं मूळ नाव त्यांनी राहू दिलं नव्हतं.
गुडघा, बर्फ लावू नको म्हणणारा डॉक्टर.
भरतीच्या वेळा, खोट्या.
अकॉर्डियनचं तिसरं बटण.
पोर्वेनीरची बोट, वारा असेल तर बघूसुद्धा नको.
हिला विचारायचं.
हिला म्हणजे कुणाला, मी विचारलं नाही.

चारपाच उघडून पाहिल्या. निम्मी पानं सापडेनात.
मी कसंनुसं तोंड केलं.
"घर पडलं तर पडलं," ते म्हणाले,
"पत्ता तर माझ्याकडे आहे."

मग खाली, बरंच खाली,
ओतिलियाचं छप्पर, वरून.
ते काही बोलायच्या आत माझं बोट दाबलं गेलं.
नकाशा. पुएर्तो नातालेस. आकाशातून काढलेला फोटो,
लाल पत्रा, परसात एक पांढरा ठिपका.
वाळत घातलेली चादर असेल,
चादर वाळत घालणारी असेल.

किती वेळ पाहिलं त्यांनी, मी घड्याळ पाहिलं नाही.

"ही पुसायचीच होती," म्हणाले.
"पण मी. माझ्या हाताने. तिने नाही."
माऊस धरला कांदा चिरायच्या सुरीसारखा,
आणि पुसली.

"गेली?"

गेली म्हणालो असतो तर भागलं असतं.
पण मला अर्धवट सांगता येत नाही, त्यापायी एक नोकरीही गेली आहे.
सांगितलं की सहा तारखेची ती प्रत अजून आत आहे.
ब्राउझर पंधरा प्रती ठेवतो.
खुणा हलल्या की नवी निघते,
नवी आली की सगळ्यात जुनी पडते.
"म्हणजे ती आहे."
आहे. पण आत.
"आणि एक एक दिवस करून पडेल."
पडेल.

त्यांनी बोटं मोजली, मग मोजणं सोडून दिलं.
"मी हा उघडलाच नाही तर?"

या प्रश्नाला माझी तयारी नव्हती.
नाही उघडला, मी म्हणालो, तर नवी प्रत निघणार नाही.

ते काही बोलले नाहीत.
पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत.
लॅपटॉप कातड्यात गुंडाळला,
वरून खिशातली सुतळी आवळली.
बुटाच्या नाडीची गाठ नव्हती ती.
जहाजावरची होती,
ओढाल तितकी घट्ट बसणारी.

बाहेर कोपऱ्यावर नगरपालिकेने दोर बांधलाय,
वाऱ्यात माणसं उडू नयेत म्हणून.
एका हाताने तो धरून, दुसऱ्या काखेत गठुडं,
ते सामुद्रधुनीच्या बाजूने उतरत गेले.

बिल माझ्याच टेबलावर राहिलं.
पाठीवर कुत्र्याच्या कानाचं औषध,
खाली बेकरी.