तळ

मी वस्तू आधी उलटी करतो, मग बघतो.
नेस्टवेडमध्ये चाळीस वर्षं माणसांना 'आ' करायला लावलं,
आता फुलदाण्यांना.

रविवारी बंदराच्या शेडमध्ये जुना बाजार भरतो.
सायकलींची सुटी चाकं, मेलेल्या मावशांचे चमचे,
आणि त्यातच कुठेतरी
सशाच्या पाठीसारख्या झिलईचा एखादा बुटका कुंभ.
नखाने टिचकी मारायची. घुमला तर घ्यायचा.
बद्द बोलला की आत तडा. दाढेचंही तसंच असतं.
मग तळ : भट्टीचा शिक्का, एक आकडा,
आणि आकार ज्याचा त्याच्या नावाची दोन अक्षरं.

घरात एकशे बारा आहेत. एकातही खोट नाही.
बिर्गिट म्हणायची, एकात तरी फुलं ठेव रे.
मी म्हणायचो, पाण्याचा डाग पडतो.

मार्चमध्ये कळलं, त्या भट्टीवरची एक बाई
अजून आहे, स्लागेल्सच्या वृद्धाश्रमात.
थीरा. एक्क्याण्णव.
सगळ्यात देखणा नग टॉवेलात गुंडाळून नेला.

तिने तो पाहिलाच नाही.
तीन बोटांत पायाशी पकडला, तोंड खाली,
आणि हवेतल्या बादलीत बुडवला.
ओठांत तीन मोजले. मनगटाला एक झटका.
'सतरा वर्षं,' म्हणाली, 'दिवसाला दोनशे.
जानेवारीत बोटं आहेत की गेली, मोजून बघायचो.'
मग चष्म्याशिवायच पायाजवळ चाचपत राहिली.
'यावर मी नाही,' म्हणाली, आणि परत दिला.

बोट टेकतं तिथे झिलई बसत नाही.
वेळ असला तर कुंचल्याने भरायची ती जागा.
शुक्रवारी वेळ नसायचा,
मुलगा पाळणाघरात, पाचची बस.
असा माल दुय्यम.
कॉफी तिने प्लास्टिकच्या कपात दिली.
तिच्याकडे एकही नव्हता त्यातला.

त्या जागा मला माहीत होत्या.
नखाएवढी उघडी माती, विटकरी.
अकरा वर्षं मी तसे नग टेबलावर परत ठेवत आलो,
निम्म्या किमतीतही नको म्हणत.

आता त्याच शोधतो.
ओलुफ विचारतो, डॉक्टर, डोळे गेले का?
आणि वर दहा क्रोनर सोडतो.
सहा मिळाले. माझा अंगठा त्या जागी बसत नाही,
सगळी जागाच झाकून टाकतो.

सहाव्यावर मात्र बोटांचा क्रम उलटा होता.
स्लागेल्सला फोन केला.
पलीकडे बराच वेळ फक्त टीव्हीचा आवाज.
मग म्हणाली, 'एलिन असेल. डावखुरी होती.
काम करताना इतकं बोलायची,
की मोजणं चुकायचं माझं.'