पुराची रेघ

कॉट बेसिसवर मिळाली खोली,
गावभागात, नदीच्या अंगाला.
भिंतीवर तपकिरी रेघ,
माझ्या डोक्याच्या वर वीतभर.
"पुराची," घरमालक तवनाप्पा म्हणाले,
भाडं सांगावं तशा आवाजात.
"रंग दिला दोनदा. वर येतीच."

आमच्या उमदीत टँकर यायचा आठवड्यातनं एकदा,
घागरींचा नंबर मीच लावायचो.
इथं नळ सोडून दात घासतात पोरं.
मी उठतो, बंद करतो, काही बोलत नाही.
मला 'मीटर' म्हणतात.

हळदीचा वास आता कळत नाही नाकाला,
म्हणजे रुळलो बहुतेक.

रात्री आईचा फोन :
"पाणी हाय का रं तिथं?"
रेघेकडं बघत सांगतो,
"हाय की. पुरून उरंल एवढं."
मग दिवा घालवून
तिच्याखाली झोपतो.